पर्यायी उपचारांची प्रॅक्टिस कशी वाढते? आधी दुसऱ्या भेटीचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲक्युपंक्चर आणि मसाज थेरपीचं रीतसर शिक्षण झालंय, काही महिन्यांपूर्वी भाड्याची खोली घेऊन प्रॅक्टिस सुरू केली, पण आठवड्याला जेमतेम पाच-सहा पेशंट येतात. एका मार्केटिंग एजन्सीने वर्षभराचं पॅकेज पुढे केलंय, त्यात वेबसाइट, रील्स, जाहिराती, 'लीड्स' (म्हणजे संभाव्य पेशंटची नावं-नंबर) सगळं आलं. एक सीनियर म्हणतात, पहिल्याच दिवशी दहा बैठकांचे पैसे आगाऊ घे, म्हणजे पेशंट पळत नाही. यातलं काय करू? शिवाय पाटीवर नावाआधी 'डॉ.' लावू का, हेही तुम्ही विचारलंय.

आत्ता दोन्हीतलं काहीच करू नका. 'डॉ.'चं शेवटी बघू.

आधी अपॉइंटमेंटची वही काढा. गेल्या तीन महिन्यांत नव्याने आलेल्या प्रत्येक पेशंटच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: एकूण किती वेळा आला, शेवटचा कधी आला, यायचा का थांबला. तिसऱ्या रकान्यात बऱ्याच जणांपुढे तुम्हाला काहीच लिहिता येणार नाही. नव्या प्रॅक्टिसमध्ये हे हमखास होतं, आणि जाहिरातीवर पैसे घालण्याआधी नेमकं हेच निस्तरावं लागतं.

हिशेब साधा आहे. समजा आठवड्यात अपॉइंटमेंटच्या ३० वेळा मोकळ्या आहेत आणि त्यातल्या २४ भरल्या की तुमचा खर्च निघून चार पैसे हातात राहतात. पेशंट सरासरी दोनदाच येत असेल, तर दर आठवड्याला १२ नवे चेहरे लागतील. कायमचे, न थांबता. एकट्या माणसाला हे झेपत नाही आणि जाहिरातीचा खर्च भागवता भागवता जीव मेटाकुटीला येतो. तोच पेशंट सरासरी पाच वेळा आला, तर आठवड्याला पाच नवे पुरतात, आणि पाच जण ओळखीपाळखीतून, शेजारच्या डॉक्टरांकडून, एखाद्या चांगल्या वेबपानावरून सहज येऊ शकतात. एजन्सी तुम्हाला पहिली भेट मिळवून देईल. दुसरी भेट तिच्या हातात नाही.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. पाच हा आकडा ओढून-ताणून गाठायचा नसतो. मान आखडलेला पेशंट दोन बैठकांत मोकळा झाला तर त्याने तिसऱ्यांदा यायचं कारण नाही, आणि असा माणूस चार जणांना तुमचं नाव सांगतो. मी बोलतेय ते वेगळ्या पेशंटबद्दल: ज्याचं दुखणं जुनं आहे, ज्याला खरोखर चार-सहा बैठका लागणार आहेत, पण जो पहिल्या किंवा दुसऱ्या बैठकीनंतर न सांगता गायब होतो.

तो का गायब होतो? नव्या थेरपिस्टला वाटतं, फी जास्त वाटली असेल किंवा गुण आला नसेल. माझा अनुभव असा की बहुतेकांना पुढे काय होणार हे कळलेलंच नसतं. सुया टोचल्या, वीस मिनिटं पडून राहिलो, बरं वाटलं, घरी गेलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखलं. याचा अर्थ काय लावायचा? उपचार फसला की असंच असतं? आणखी किती वेळा जायचं, चार की चाळीस? 'बघू या, शरीर कसा प्रतिसाद देतं ते' हे आपल्या लोकांचं आवडतं वाक्य. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की मीटर चालू झालंय आणि ते कधी बंद होणार ते कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून पहिल्या भेटीच्या शेवटी, पेशंट उठून बसला की, त्याच्यासमोर केसपेपरवर तीन गोष्टी लिहायच्या. काय मोजायचं, कधी मोजायचं आणि कधी थांबायचं. गुडघेदुखीचा पेशंट असेल तर माझ्या केसपेपरवर असं काहीसं दिसतं: 'आज: एक मजला चढताना दोनदा थांबावं लागतं. रात्री कूस बदलताना जाग येते, अंदाजे तीनदा. चार बैठका, आठवड्याला एक. चौथीला हेच दोन प्रश्न पुन्हा. दोन्हीत काहीच फरक नसेल तर इथले उपचार बंद, हाडांच्या डॉक्टरांकडे परत.' शब्द शक्यतो पेशंटचेच. शून्य ते दहा अशी वेदनेची पट्टी मीही वापरते, पण 'माझं सातवरून पाचवर आलं' असं कोणी शेजाऱ्याला सांगत नाही. 'आता न थांबता जिना चढते' असं सांगतात.

बंद करण्याची अट लिहायला नव्या माणसाचा हात धजत नाही. वाटतं, आपणच पेशंटला दार दाखवतोय. होतं उलटंच. शेवट दिसत असला की माणूस चार बैठका पूर्ण करतो, कारण तो चारच बैठकांना हो म्हणालेला असतो. आणि ज्याला गुण आला नाही, त्यालाही आपण फसवले गेलो असं वाटत नाही. माझ्याकडे गुण न आलेल्या पेशंटनी पाठवलेले पेशंट येतात. 'मला नाही उपयोग झाला, पण बाई सरळ आहेत, लटकवून ठेवत नाहीत' असं सांगून पाठवलेले असतात. अशी शिफारस कुठल्याही एजन्सीच्या पॅकेजमध्ये मिळत नाही.

पहिल्या भेटीला वेळही द्या, तासभर तरी. यामागे भावनेपेक्षा ठोस कारण आहे. २००८ साली इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या पोटाच्या चिवट त्रासाच्या २६२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. एका गटाला फक्त वाट पाहायला लावली. दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा, दिलं, कामापुरतंच बोलून. तिसऱ्याला तेच खोटं ॲक्युपंक्चर, पण थेरपिस्टने नीट ऐकून घेतलं, आपुलकीने विचारपूस केली, विश्वास दिला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं म्हणणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. सुई तिथे खरी नव्हतीच. ४४ आणि ६२ यांच्यातलं अंतर निव्वळ वागण्या-बोलण्याचं आहे. धावपळीच्या ओपीडीत जे मिळत नाही ते तुम्ही देऊ शकता, आणि मोठ्या हॉस्पिटलपुढे तुमची जमेची बाजू असेल तर ती हीच.

याच जातीचा दुसरा आकडा मात्र अहंकार उतरवणारा आहे, तोही लक्षात असू द्या. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी फरक पडलेले रुग्ण: खरं ॲक्युपंक्चर ४७.६ टक्के, खोटं ॲक्युपंक्चर ४४.२ टक्के, नेहमीचे उपचार २७.४ टक्के. म्हणजे नेहमीच्या उपचारांपेक्षा दोन्ही सरस, पण खऱ्या-खोट्यात जेमतेम फरक. आपल्या पंथातले लोक यातलं पहिलं वाक्य वेबसाइटवर टाकतात आणि दुसरं गिळतात. तुम्ही तसं करू नका. कोणी डॉक्टर तुमचं पान वाचून दुसरं वाक्य तुमच्यासमोर ठेवील, आणि तेव्हा 'हो, मला माहीत आहे, म्हणूनच मी बिंदूंच्या चमत्काराबद्दल बोलत नाही' असं म्हणता आलं पाहिजे.

आणखी एक. पेशंट आपल्याकडे येतो तेव्हा त्याचं दुखणं बहुधा ऐन भरात असतं, नाहीतर तो आलाच नसता. जुनी दुखणी मुळात कमी-जास्त होत असतात, त्यामुळे आपण काहीही केलं किंवा न केलं तरी त्यातले काही जण पुढच्या दोन आठवड्यांत सुधारणारच असतात. हे ज्याला माहीत असतं तो पहिल्या यशाने हुरळत नाही आणि 'शंभर टक्के गुण' असली भाषा करत नाही.

आता कोणते पेशंट घ्यायचे ते. तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय की पत्रकावर पाठदुखी, मायग्रेन, वंध्यत्व, मधुमेह, त्वचारोग, नैराश्य, वजन कमी करणं आणि 'रोगप्रतिकारशक्ती' असे आठ विषय छापलेत. आठांपैकी दोन ठेवा. ज्याला सगळंच येतं त्याच्याकडे विशिष्ट त्रास घेऊन कोणी जात नाही, आणि पत्रक वाचणाऱ्या डॉक्टरला 'मधुमेह' दिसला की त्याने तुमचा कागद कचऱ्यात टाकलाच म्हणून समजा. निवड करताना तीन गोष्टी एकत्र येतात का पाहा: त्या त्रासाला तुमच्या पद्धतीचा काही आधार आहे, तुमचा हात त्यात बसलाय आणि तसे लोक भोवताली पुष्कळ आहेत. ॲक्युपंक्चरपुरतं बोलायचं तर जुनी कंबरदुखी, गुडघ्याची झीज आणि मायग्रेनचे झटके कमी करणं इथे आधार त्यातल्या त्यात बरा आहे. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते; तिचा मायग्रेनवरचा २०१६चा आढावा झटक्यांची वारंवारता कमी होते असंच सांगतो. जर्मनीतल्या सरकारी आरोग्यविम्यात २००७पासून कंबर आणि गुडघा हे दोनच विषय ॲक्युपंक्चरसाठी धरले गेले. तेवढ्यावर तिथे कितीतरी प्रॅक्टिस चालतात.

आणि निवडलेल्या विषयांचंही पान दर वर्षी पुन्हा वाचा. कोणते उपचार द्यावेत याच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ साली ती काढून घेतली आणि २०२१ साली दीर्घकालीन प्राथमिक वेदनेच्या (दुसऱ्या आजाराने उलगडा न होणाऱ्या जुन्या दुखण्याच्या) मार्गदर्शिकेत ॲक्युपंक्चरला पुन्हा जागा दिली. तीन तारखा, तीन वेगळी उत्तरं. २००९चं वाक्य आजही वेबसाइटवर मिरवणारे लोक मी पाहिलेत.

जाहिरातीत काय लिहू नये, यावर जरा थांबते, कारण इथे एजन्सीवाले तुम्हाला हमखास अडचणीत आणतात. त्यांना क्लिक हवे असतात आणि 'मुळापासून बरा' या शब्दांना क्लिक मिळतात. पण परवाना त्यांचा जात नाही. ब्रिटनमध्ये कॅन्सरवर उपचार करतो अशी जनतेसाठी जाहिरात करायला १९३९च्या कायद्याने बंदी आहे. भारतात १९५४चा औषधं आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात मधुमेह, लकवा, लठ्ठपणापासून उंची वाढवण्यापर्यंत कितीतरी नावं आहेत. जिथे प्रॅक्टिस करता तिथला असा कायदा आणि तुमच्या नोंदणी मंडळाचे जाहिरातीचे नियम एकदा स्वतः वाचून काढा. एजन्सीला वाचायला लावू नका, ते वाचत नाहीत.

कायदा बाजूला ठेवला तरी फाजील दावे कसे अंगाशी येतात याचं उदाहरण आहे. २००८ साली विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकात लिहिलं की मुलांची पोटदुखी, कानाचे संसर्ग, दमा यांवर कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हातांनी मणके-सांधे हलवून करायच्या उपचाराचा, उपयोग होतो या दाव्यांना आधार नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. झालं काय, तर लोकांनी कायरोप्रॅक्टरांच्या वेबसाइट एकेक करून धुंडाळल्या आणि नियामक मंडळाकडे शेकड्यांनी तक्रारी गेल्या. २००९ साली त्या क्षेत्रातल्या एका संघटनेने तर आपल्या सभासदांना वेबसाइट तूर्त बंद करायला सांगितलं. २०१०च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने सिंग यांच्या बाजूने निकाल दिला आणि असोसिएशनने खटला मागे घेतला. पाठदुखीवर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसालाही त्या दोन वर्षांत आपलं पान काय सांगतंय ते घाबरत घाबरत तपासावं लागलं.

'साइड इफेक्ट नाहीत' हेही खोडा. सुईने फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. विरळ असतात, पण असतात. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रम आहे. सौम्य नैराश्यासाठी लोक मनाने घेतात ती सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन अशा औषधांचा परिणाम कमी करते. त्यामुळे पहिल्या केसपेपरवर सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पूड, काढे लिहून घ्या. आणि कुठल्याही पेशंटची डॉक्टरांनी दिलेली गोळी तुम्ही बंद करायची नाही, कमीही करायची नाही. पेशंट स्वतः म्हणाला तरी नाही. त्याला त्याच गोळ्या देणाऱ्या डॉक्टरकडे पाठवा.

यावरून डॉक्टरांकडे येते. नव्या माणसाला वाटतं, डॉक्टर आपले प्रतिस्पर्धी किंवा शत्रू. माझे जवळजवळ निम्मे पेशंट आज डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून येतात, आणि त्यासाठी मी कोणाच्या केबिनबाहेर मिठाईचा डबा घेऊन उभी राहिले नाही. मी पत्रं लिहिली. पेशंटची परवानगी घेऊन, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना, पाच-सहा ओळींचं. त्यात असं असतं: तुमचे हे रुग्ण जुन्या कंबरदुखीसाठी माझ्याकडे आले. तुम्ही दिलेली औषधं चालू आहेत, मी त्यात काही बदल सुचवलेला नाही. मी अमुक उपचार चार बैठका करणार आहे. तपासताना डाव्या पायात बधिरपणा आढळला, तो तुम्हाला कळवावासा वाटला. चौथ्या बैठकीनंतर स्थिती कळवीन. आणि मग खरोखरच कळवायचं, फरक पडला नसेल तरी. किंबहुना पडला नसेल तर आधी.

या पत्रात स्वतःची टिमकी कुठेच नाही, ऊर्जा-प्रवाहांची भाषा नाही, शेवटी 'कृपया रुग्ण पाठवावेत' नाही. डॉक्टरला दोनच गोष्टींची धास्ती असते: हा माणूस माझी औषधं बंद करेल आणि काही गंभीर असलं तर दडवून बसेल. तुमचं पत्र दोन्हीची उत्तरं न विचारता देतं. पहिल्या सहा पत्रांना कदाचित उत्तर येणार नाही, सातव्यानंतर एक फोन येतो. मग ज्याला गोळ्या झेपत नाहीत, ज्याचे रिपोर्ट नॉर्मल आहेत पण दुखतंय, असा पेशंट तुमच्याकडे येऊ लागतो. असे पेशंट पुष्कळ असतात आणि त्यांचं काय करायचं हा डॉक्टरांपुढचाही प्रश्नच असतो.

अर्थात त्यासाठी कोणाला परत पाठवायचं हे तुम्हाला पक्कं ठाऊक हवं. कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, ताप, कारण नसताना वजन उतरणं, कॅन्सर होऊन गेल्याचा इतिहास. अचानक आलेली, आजवर कधीच नव्हती अशी डोकेदुखी. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. छातीत दुखणं. यातलं काही दिसलं तर सुई हातात घ्यायची नाही, फी घ्यायची नाही, लगेच पाठवायचं. ही यादी टेबलावर काचेखाली ठेवा. रिसेप्शनला कोणी असेल तर फोनवर ऐकताना तिलाही ती कळली पाहिजे.

कमिशन मात्र कोणालाही देऊ नका आणि कोणाकडून घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी ते नियमबाह्य आहे. तसं नसतं तरी ज्या दिवशी पेशंटला कळेल त्या दिवशी तुमच्या सगळ्या केसपेपरांवर पाणी पडेल.

आगाऊ दहा बैठकांच्या पॅकेजबद्दल सीनियरशी माझे मतभेद आहेत. पैसे एकदम येतात, खोलीचं भाडं निघतं, हे कबूल. पण पहिल्या दिवशी तुम्हालाच माहीत नसतं की या माणसाला किती बैठका लागतील. तरीही दहाचे पैसे घेतलेत, की चौथ्या बैठकीला 'उपयोग होत नाहीये, थांबू या' हे वाक्य तुमच्या तोंडून निघणं अवघड होतं, कारण सहा बैठकांचे पैसे परत करावे लागणार असतात आणि ते बहुधा खर्च झालेले असतात. पॅकेज ठेवायचंच असेल तर चार बैठकांचं ठेवा, दुसऱ्या भेटीनंतर सुचवा, आणि न वापरलेल्या बैठकांचे पैसे काही न विचारता परत, असं पावतीवरच छापा. सवलत दिलीत तरी किरकोळ द्या.

दवाखान्यातून पूड, तेलं, कॅप्सूल विकण्याचंही तसंच. सुरुवातीच्या काळात हा गल्ला मोहात पाडतो. पण जो माणूस निदानही करतो आणि बाटलीही विकतो, त्याच्या सल्ल्याकडे पेशंट वेगळ्या नजरेने पाहू लागतो. शिवाय बाटलीत काय आहे याची खात्री तुम्ही कुठून देणार? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून दुसरीच, ॲरिस्टोलोकिया नावाची वनस्पती गेली. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. देणाऱ्यांना आपण काय देतोय याची कल्पनाही नव्हती. माझ्या खोलीत विकायला काहीही नसतं. पाहिजे तर भित्रेपणा म्हणा.

फी कमी ठेवून गर्दी जमवायचा विचार असेल तर तो सोडा. फीमध्ये फक्त ते पाऊण तास धरू नका. केसपेपर लिहिणं, पत्रं, फोन, चादरी बदलणं, सुया-कापूस आणि त्यांची रीतसर विल्हेवाट, व्यावसायिक विमा, आणि न कळवता न आलेल्या पेशंटची रिकामी गेलेली वेळ, हे सगळं त्यातूनच भागतं. परिसरातल्या अनुभवी लोकांच्या थोडी खाली ठेवा, फार खाली नको. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातल्या दोन-तीन वेळा निम्म्या फीच्या ठरवून ठेवा आणि त्या उघडपणे सांगा. घासाघीस करणाऱ्याला सूट आणि न मागणाऱ्याला पूर्ण दर, असा प्रकार नको. मोफत शिबिरांतून पेशंट फारसे मिळत नाहीत, कारण तिथे येणारा मोफत म्हणून आलेला असतो. आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर अर्धवेळ नोकरी सोडू नका. ज्याला महिनाअखेरीची चिंता आहे तो पेशंटला 'तुम्हाला माझी गरज नाही' असं म्हणू शकत नाही.

आता इंटरनेटवर काय करायचं. फार नाही. नकाशावरची तुमची नोंद नीट भरा: नाव, वेळा, फोन, खोलीचे खरे फोटो. हसऱ्या परदेशी मॉडेलच्या पाठीवरचे गरम दगड नकोत. जिना किती पायऱ्यांचा आहे, गाडी कुठे लावायची, हेही लिहा. गुडघेदुखीवाल्याला त्याची फार गरज असते. वेबसाइटवर निवडलेल्या दोन त्रासांची एकेक पानं असू द्या. पहिल्या भेटीत काय होतं, सुई किती दुखते, कपडे काढावे लागतात का, साधारण किती बैठका, कोणी येऊ नये, फी किती. लोक फोन करायला कचरतात ते बहुतेक याच शंकांमुळे. फी लिहायला लाजू नका. न लिहिल्याने फोन वाढतात, पेशंट वाढत नाहीत.

पेशंटचे अभिप्राय मागायला हरकत नाही, तुमच्या मंडळाच्या नियमांत बसत असेल तर. पण सूट देऊन, भाचे-पुतण्यांकडून, विकत घेऊन नाही. अमेरिकेत तर खोट्या अभिप्रायांवर ऑक्टोबर २०२४पासून स्वतंत्र नियमच लागू झालाय. वाईट अभिप्राय आला की हात शिवशिवतात, तेव्हा सांभाळा. 'तुम्ही मंगळवारी आलात तेव्हा मी सांगितलं होतं की तुमच्या पाळीच्या त्रासाला...' असं उत्तर मी एका थेरपिस्टने दिलेलं वाचलंय. पेशंटने तक्रार केली होती वाट पाहावी लागल्याची, आणि बाईंनी त्याचं उत्तर देताना तिचा आजार जगजाहीर केला. तो माणूस आपला पेशंट आहे हेसुद्धा तुम्ही चारचौघांत कबूल करायचं नसतं. 'आमच्याकडे येणाऱ्यांच्या गोपनीयतेमुळे इथे बोलता येत नाही, कृपया दवाखान्यात फोन करा', एवढं पुरे.

रील्स करायला आवडत असतील तर करा, नसतील तर नका करू. योगवर्ग, व्यायामशाळा, दिवसभर बसून काम करणारी ऑफिसं इथे अर्ध्या तासाचं बोलणं मला जास्त फळलंय. विषय 'ॲक्युपंक्चरचे फायदे' नको, त्याला कोणी येत नाही. 'मान आणि खुर्ची' असा ठेवा, दोन व्यायाम करून दाखवा, डॉक्टरकडे कधी पळायचं ते सांगा आणि शेवटी नाव सांगून खाली बसा. पत्रकं वाटायची घाई करू नका, मागतील ते घेतील.

एजन्सीला तूर्त नाही कळवा. तीन महिने केसपेपर, चार बैठकांचा करार आणि डॉक्टरांची पत्रं एवढंच करा आणि वहीतले तेच तीन रकाने पुन्हा भरा. जुन्या दुखण्याचे दहापैकी सहा-सात पेशंट ठरलेल्या बैठका पूर्ण करत असतील तर जाहिरातीचा विचार करू. तेव्हाही वर्षाचा करार नको, महिन्याचा. एकाच त्रासासाठी, दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या परिसरापुरता. आणि प्रत्येक मजकूर तुमच्या लेखी संमतीशिवाय जाणार नाही, अशी अट घाला.

राहिला 'डॉ.'. तुमच्या नोंदणीने ती उपाधी वापरायचा हक्क दिला असेल तरच लावा, आणि तेव्हाही पद्धतीचं नाव सोबत स्पष्ट असू द्या. नसेल तर लावू नका. सुट्टीच्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर किंवा मानद पदवीवर 'डॉ.' लावणाऱ्यांच्या रांगेत तुम्हाला उभं राहायचं नाही. पाटीवर नाव, खाली 'ॲक्युपंक्चर व मसाज थेरपी', त्याखाली नोंदणी क्रमांक. शिक्षण कुठे, किती तासांचं, प्रत्यक्ष पेशंटवरचं काम किती, हे आतल्या भिंतीवर वाचता येईल अशा अक्षरांत लावा. पेशंट 'डॉक्टर' म्हणून हाक मारतीलच. पहिल्या भेटीत एकदा, हसून, 'मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट आहे' असं सांगा आणि केसपेपरवर तशी सही घ्या.